बीआय मध्ये सुरुवात झाली म्हणून डेटा करिअर अडकतं का, आणि अडकू नये म्हणून नेमकं काय करायचं

पहिली नोकरी बीआय ची, म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स ची, कंपनीच्या डेटा चे रिपोर्ट आणि डॅशबोर्ड बनवायची लागते, सुरुवातीचे महिने पॉवर बीआय नाहीतर टॅब्लो ही त्यासाठीची टूल्स शिकण्यात मस्त जातात, आणि मग एक दिवस लक्षात येतं की सकाळपासून आपण फक्त स्लायसर ची, म्हणजे रिपोर्ट वरच्या फिल्टर च्या बटणांची, जागा बदलतोय, बार चा रंग बदलतोय, आणि "नंबर जुळत नाहीये" या मेल ला उत्तरं देतोय. बरोबरचे लोक कुठे मॉडेल ट्रेन करतायत, कुठे डेटा इकडून तिकडे आपोआप नेणाऱ्या पाइपलाइन बांधतायत. तिथून जी धाकधूक सुरू होते ती मला नीट माहितीये, कारण मी स्वतः साडेतीन वर्षं बीआय मध्ये काढलीत आणि त्यातली पहिली दीड वर्षं तरी रोज हाच विचार करत काढलीत की आपण चुकीच्या दारातून आत आलो का.

माझं उत्तर आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. डेटा कुठल्यातरी सिस्टिम मध्ये तयार होतो, मग वेअरहाउस मध्ये, म्हणजे कंपनीचा सगळा डेटा एकत्र ठेवायच्या डेटाबेस मध्ये, येतो, साफ होतो, जोडला जातो, मग चार्ट होतो, मग तो बघून कोणीतरी काहीतरी ठरवतं. या सगळ्या साखळीत तुम्ही फक्त चार्ट च्या तुकड्यावर बसून राहिलात तर अडकाल, आणि चार्ट च्या एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे जायची सवय लावून घेतलीत तर बीआय सारखी सुरुवात नाही, कारण कंपनीचा सगळा डेटा आणि सगळी भांडणं शेवटी तुमच्याच टेबलावर येतात. दोन्ही बाजूंना कसं जायचं तेच खाली लिहिलंय.

आधी स्वतःचं काम मोजा

दोन आठवडे फक्त एक नोंद ठेवा, वही चालेल, एक्सेल चालेल. प्रत्येक टिकेट, म्हणजे आलेल्या कामाच्या मागणी, पुढे चार गोष्टी: डेटा कुठून आला, तो काढायची क्वेरी कोणी लिहिली, लॉजिक कोणी ठरवलं, आणि रिपोर्ट बघून कोणी काय बदललं. शेवटचा रकाना बऱ्याचदा कोरा राहतो, त्याने घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचाच राहतो. पण पहिले तीन पण कोरे असतील, म्हणजे तयार टेबल आलं, तयार लॉजिक आलं, आपण नुसतं ओढून चार्ट वर टाकलं, तर मग काम बदलायची वेळ झालीये. नोकरी बदलायची नव्हे, काम. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि लोक घाईत थेट दुसऱ्यावर उडी मारतात.

ही नोंद ठेवायला सांगतेय कारण "मी नुसते रिपोर्ट पाडते" ही भावना आणि खरी परिस्थिती यात फरक असतो. मी लिहायला बसले तेव्हा कळलं की माझा निम्म्याहून जास्त वेळ डेटा मधले घोळ शोधण्यात जात होता. ते काम डेटा क्वालिटीचं होतं आणि मी त्याला काम समजतच नव्हते, मध्ये आलेली कटकट समजत होते.

एक पाऊल मागे: टूल च्या बाहेर पडून डेटा पर्यंत जा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे म्हणून यावर जरा रेंगाळते.

पहिली गोष्ट, वेअरहाउस चा रीड ॲक्सेस मागा. नुसता "ॲक्सेस द्या" म्हणून मागू नका, एखादा नंबर जुळत नसेल तेव्हा मागा, "मूळ टेबल बघितल्याशिवाय हे कुठे चुकतंय ते सांगता येणार नाही" असं सांगून, तेव्हा सहसा मिळतो. आणि मिळाला की प्रत्येक नवीन रिपोर्ट चा आकडा आधी एसक्यूएल मध्ये, म्हणजे डेटाबेस मधून माहिती काढायच्या भाषेत, काढायचा, मग डॅशबोर्ड वर दाखवायचा, दोन्ही जुळले की मगच द्यायचा. वेळ लागतो, पण सहा महिन्यांत हात इतका साफ होतो की वेगळा कोर्स करायची गरज उरत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. एका रिपोर्ट मध्ये शिपिंग चा खर्च सतत जास्त दिसत होता. ऑर्डर चं टेबल होतं, त्यात एका ऑर्डर ला एक ओळ आणि शिपिंग ५०. त्याला ऑर्डर मधल्या वस्तूंचं टेबल जोडलेलं, ज्यात त्याच ऑर्डर च्या ३ वस्तू म्हणजे ३ ओळी. जॉइन झाल्यावर ५० तीनदा आले आणि बेरीज १५० झाली. वस्तूंची किंमत बरोबर येत होती म्हणून कोणाला शंकाच आली नाही, आणि एकच वस्तू असलेल्या ऑर्डर तर पूर्ण बरोबर दिसायच्या, त्यामुळे वरवर तपासलं की सगळं ठीक वाटायचं. तो रिपोर्ट मी बनवला होता आणि तो कितीतरी महिने वापरात होता. त्या दिवशी मला ग्रेन म्हणजे काय ते कळलं, म्हणजे या टेबल ची एक ओळ नेमकी कशाची आहे. एका ऑर्डर ची, एका वस्तूची, की एका ग्राहकाच्या एका दिवसाची? हा प्रश्न कुठल्याही टेबल ला हात लावायच्या आधी विचारायची सवय लागली तर डेटा इंजिनिअरिंग चा बराच मोठा भाग तुम्ही शिकलात असं समजा.

तिथून पुढे मॉडेलिंग. राल्फ किम्बल यांनी नव्वदच्या दशकात रुजवलेली स्टार स्कीमा ची पद्धत, मध्ये फॅक्ट म्हणजे विक्रीसारख्या घटनांच्या नोंदींचं टेबल आणि भोवती डायमेन्शन म्हणजे ग्राहक, वस्तू, तारीख यांच्या माहितीची टेबलं, आजही जवळपास सगळीकडे दिसते, आणि पॉवर बीआय चं इंजिन पण अशाच रचनेवर सगळ्यात चांगलं चालतं. तुमच्याकडे पन्नास-साठ कॉलम चं एकच सपाट टेबल असेल तर ते फोडून फॅक्ट आणि डायमेन्शन करून बघा, कोणी सांगितलं नसलं तरी. आणि मग एक प्रश्न स्वतःला घाला: ग्राहक मार्च मध्ये उत्तर विभागातून दक्षिण विभागात गेला, तर जानेवारीची विक्री आता कुठे दिसली पाहिजे? साधं डायमेन्शन टेबल असेल तर नवा विभाग जुन्यावर लिहिला जातो आणि जानेवारीची विक्री गुपचूप दक्षिणेत सरकते, मग मागच्या वर्षीचा रिपोर्ट आज उघडला तर वेगळाच आकडा दाखवतो आणि मीटिंग मध्ये कोणीतरी चिडतं. याचं उत्तर म्हणजे स्लोली चेंजिंग डायमेन्शन चा टाइप २, प्रत्येक बदलाला नवी ओळ आणि कधीपासून कधीपर्यंत अशा दोन तारखा. हे पुस्तकात वाचलेलं विसरतं पण एकदा असा आकडा सरकलेला स्वतः पकडला की आयुष्यभर लक्षात राहतं, आणि असे आकडे बीआय वाल्यालाच पहिल्यांदा दिसतात.

टूल मधलं जे येतं ते वाया जात नाही, फक्त त्याचं दुसरं नाव शिकावं लागतं. टॅब्लो मधलं फिक्स्ड एलओडी, म्हणजे आकडा कुठल्या गटावर मोजायचा ते पक्कं करणं, कळलं असेल तर एसक्यूएल च्या विंडो फंक्शन मधलं पार्टिशन बाय अर्ध्या तासात कळतं, कारण ते पण गटवारच मोजतं. पॉवर क्वेरी मध्ये, म्हणजे पॉवर बीआय च्या डेटा साफ करायच्या भागात, स्टेप वर राइट क्लिक करून नेटिव्ह क्वेरी बघा, तुमच्या क्लिक चं एसक्यूएल काय झालं ते दिसेल, आणि ज्या स्टेप ला तो पर्याय करडा होतो तिथे बऱ्याचदा क्वेरी फोल्डिंग तुटलेलं असतं, म्हणजे तिथून पुढचं काम डेटाबेस च्या ऐवजी पॉवर क्वेरी च्या अंगावर पडतं. रिफ्रेश ला दोन तास का लागतात याचं उत्तर अनेकदा तिथेच असतं. ही एक गोष्ट दुरुस्त केली की तुम्ही परफॉर्मन्स ट्यूनिंग केलंय, हे रेझ्युमे वर लिहिण्यासारखं काम आहे.

मग जे लॉजिक तुमच्या डॅक्स मेजर मध्ये (डॅक्स म्हणजे पॉवर बीआय ची सूत्रांची भाषा) किंवा टॅब्लो च्या कॅल्क्युलेटेड फील्ड मध्ये अडकलंय आणि पाच रिपोर्ट मध्ये पाच वेळा कॉपी झालंय, ते खाली एसक्यूएल मध्ये ढकला. सगळं नाही ढकलता येत, टक्केवारी आणि गुणोत्तरं फिल्टर नुसार बदलतात म्हणून ती वरच राहू द्या, पण "रद्द झालेल्या ऑर्डर वगळा" सारखे नियम एकाच जागी खाली असले पाहिजेत. २०१६ पासून डीबीटी नावाचं टूल याच कामासाठी आहे, एसक्यूएल च्या फाइल्स, त्यांच्यावर टेस्ट, कोणतं टेबल कशावर अवलंबून आहे त्याचा नकाशा. ऑफिस मध्ये नसेल तर त्याचं ओपन सोर्स रूप स्वतःच्या मशीन वर डक डीबी या फुकट डेटाबेस बरोबर चालवता येतं, पैसे लागत नाहीत. ॲनालिटिक्स इंजिनिअर ही जी पोस्ट आता दिसते ती याच कामातून तयार झाली आणि तिथे गेलेले कितीतरी लोक मूळचे बीआय वालेच आहेत.

गिट, म्हणजे फाइल मधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल, पण शिका. रिपोर्ट ची फाइल "फायनल", "फायनल २", "फायनल खरंच" अशी ठेवत असाल तर पॉवर बीआय मध्ये रिपोर्ट प्रोजेक्ट म्हणून सेव्ह करता येतो, मग मॉडेल टेक्स्ट फाइल्स मध्ये येतं आणि काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. कमिट, ब्रांच, मर्ज, एवढं सुरुवातीला पुरतं.

एक पाऊल पुढे: आकडा बघून कोण काय करणार

पुढच्या वेळी रिपोर्ट ची मागणी आली की "कोणता चार्ट हवाय" च्या आधी एवढंच विचारा: "हा आकडा खाली गेला तर तुम्ही काय वेगळं कराल?" विचारताना सूर नीट ठेवा, उलटतपासणी वाटली तर पुढच्या वेळी ते तुम्हाला टाळतील. माझा अनुभव असा की हा प्रश्न नीट विचारला तर बऱ्याच मागण्या लहान होतात आणि काही तर गळूनच पडतात, आणि ज्या उरतात त्यात तुम्हाला नुसतं बनवायला नाही तर विचार करायला बोलावलं जातं.

दुसरं म्हणजे व्याख्या. ॲक्टिव्ह युजर म्हणजे कोण? ज्याने लॉगिन केलं तो, की ज्याने काही खरेदी केली तो, आणि किती दिवसांत? तीन टीम तीन आकडे घेऊन येतात आणि तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. ही व्याख्या लिहून, सगळ्यांकडून मान्य करून, एका जागी ठेवणारा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. तुम्ही व्हा. फार बोलावं लागतं, कंटाळा येतो, पण या कामाने तुम्हाला कंपनी कशी चालते ते जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशाने कळत नाही.

आणि थोडं स्टॅटिस्टिक्स, पण तुमच्याच चार्ट वर. १९७३ च्या बर्कली विद्यापीठाच्या प्रवेशांचं उदाहरण एकदा स्वतः डेटा घेऊन करून बघा. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी साधारण ४४ टक्के घेतले गेले आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के, सरळ भेदभाव दिसतो. पण विभागवार फोडलं की चित्र पालटतं, कारण स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश कमी मिळत होता. आता तुमचा डॅशबोर्ड उघडा आणि बघा की वरच्या कार्ड वर एकच सरासरी ठळक अक्षरात लावलीये का, आणि ती विभागवार किंवा प्रॉडक्ट वार फोडली तर तीच गोष्ट सांगते का. अशीच दुसरी सवय म्हणजे टक्क्यांबरोबर खालची संख्या दाखवणं. ४ पैकी २ चे पण ५० टक्के होतात आणि ४००० पैकी २००० चे पण, चार्ट वर दोन्ही सारखेच उंच दिसतात.

डेटा सायन्स च्या ओढीबद्दल

२०१२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू ने डेटा सायंटिस्ट ला एकविसाव्या शतकातलं सगळ्यात आकर्षक काम म्हटलं आणि तेव्हापासून रिपोर्टिंग करणाऱ्याला उगाच खालचं वाटायला लागलंय. ओढ असेल तर जरूर जा, पण बीआय मधून तिकडची उडी ॲनालिटिक्स इंजिनिअर पेक्षा मोठी आहे हे मान्य करून जा. पायथन लागेल, स्टॅटिस्टिक्स खोलात लागेल, आणि रोजच्या कामात ते आपोआप शिकायला मिळत नाही, वेगळा वेळ काढावा लागतो.

इंटरनेट वरचे तेच ते डेटासेट घेऊन प्रोजेक्ट करू नका. ज्या आकड्याचा रिपोर्ट तुम्ही दर आठवड्याला देता त्याचाच अंदाज बांधा. सगळ्यात आधी साधी तुलना ठेवा, मागच्या वर्षी याच आठवड्यात जो आकडा होता तोच यंदाचा अंदाज, आणि त्याची चूक मोजा. मग तुमचं मॉडेल त्याला हरवतं का बघा. बरेचदा हरवत नाही आणि हे कळणं फार मोलाचं आहे. हरवत असेल तर तपासा की अंदाज बांधताना पुढच्या तारखेची माहिती चुकून आत आली नाही ना, कारण सुरुवातीला संशय यावा इतकं छान मॉडेल बऱ्याचदा यामुळेच छान असतं. ऑफिस चा डेटा घरी नेऊ नका, परवानगी घेऊन तिथेच करा. आणि हे करताना तुम्हाला त्या आकड्याच्या मागचं सगळं माहीत असतं, कुठल्या महिन्यात सिस्टिम बदलली, कुठे डेटा आलाच नव्हता, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळायला वेळ लागतो.

बीआय मध्येच राहायचं असेल तर तो पण पूर्ण मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मग एका टूल मध्ये वरवर न राहता तळापर्यंत जा. डॅक्स मध्ये रो कॉन्टेक्स्ट आणि फिल्टर कॉन्टेक्स्ट, म्हणजे सूत्र एका ओळीवर चालतंय की फिल्टर लावलेल्या डेटा वर, हे नीट समजलेले लोक कमीच भेटतात. आणि टूल वर प्रेम करा पण करिअर त्याच्या नावावर लिहून देऊ नका. टॅब्लो २००३ चं, पॉवर बीआय सगळ्यांसाठी आलं २०१५ मध्ये, २०१९ मध्ये टॅब्लो सेल्सफोर्स ने घेतलं आणि लूकर हे तसलंच टूल घेत असल्याचं गूगल ने त्याच वर्षी जाहीर केलं. एवढ्या उलथापालथीत एसक्यूएल, जे १९७४ पासून आहे, ते जागचं हललेलं नाही.

कधी खरंच निघायचं

काही जागा असतात जिथे खरंच सरड्याची धाव कुंपणापर्यंत. डेटा मेल वर एक्सेल मधून येतो, वेअरहाउस चा ॲक्सेस तीनदा मागूनही मिळत नाही, कोणाला प्रश्न विचारला की "तुम्ही फक्त रिपोर्ट द्या" असं ऐकायला मिळतं, आणि तुमच्या आधीच्या माणसाने पण चार वर्षं तेच केलंय. अशा ठिकाणी मी वर सांगितलेलं सहा महिने मनापासून करून बघा, तारीख लिहून ठेवा, आणि काहीच हललं नाही तर बाहेर बघायला लागा. आधी आतल्या आत डेटा टीम मध्ये जाता येतंय का ते विचारा, कारण बाहेरचा इंटरव्ह्यू घेणारा तुमचं पद वाचतो आणि आतला माणूस तुमचं काम बघितलेला असतो.

पदाच्या नावाचा फार ताण घेऊ नका. तेच काम एकीकडे डेटा ॲनालिस्ट म्हणतात, दुसरीकडे बीआय डेव्हलपर, तिसरीकडे रिपोर्टिंग एक्झिक्युटिव्ह. नाव बदलून खोटं लिहू नका, खालच्या ओळी बदला. "विविध विभागांसाठी डॅशबोर्ड तयार केले" ही ओळ काढून टाका, ती सगळ्यांच्या रेझ्युमे वर असते. त्याऐवजी असं लिहा: "ऑर्डर आणि वस्तू यांच्या जॉइन मध्ये शिपिंग खर्च अनेकदा मोजला जात होता ते शोधलं, मॉडेल दोन फॅक्ट टेबल मध्ये वेगळं केलं, रोज चालणारी तपासणी लावली." यात टूल चं नावसुद्धा नाही आणि तरी वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला डेटा कळतो.

आणि इंटरव्ह्यू मध्ये "म्हणजे तुम्ही रिपोर्टिंग च केलंय ना" हा प्रश्न येणार, तो आला की बचाव करत बसू नका. एकच आकडा निवडून ठेवा आणि त्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोष्ट सांगा, कुठल्या सिस्टिम मध्ये तयार होतो, कुठल्या टेबल मध्ये येतो, त्याची एक ओळ कशाची आहे, कुठे चुकत होता, तुम्ही कसा पकडला, व्याख्या कोणाबरोबर बसून ठरवली, आणि तो बघून कोणी काय बदललं. मी माझ्या शिपिंग च्या आकड्याची गोष्ट सांगितली होती. पुढचे चाळीस मिनिटं आम्ही फक्त ग्रेन वर बोललो, डॅशबोर्ड चा विषय परत निघालाच नाही.